ट्रॅक नंतर, आधी नकाशा

वांद्रे-कुर्ला संकुलात एमएमआरडीएने २०११ च्या सुमारास सायकलमार्ग बांधला. फुटपाथला लागून, कार्यालयांच्या दारांवरून जाणारा, कागदावर नीटनेटका. अडचण इतकीच होती की तो संकुलातच सुरू व्हायचा आणि संकुलातच संपायचा. वांद्रे किंवा कुर्ला स्टेशनावरून सायकलने तिथवर सुखरूप पोचायचं कसं, याचं उत्तर त्यात नव्हतं. मग त्यावर मोटारी उभ्या राहू लागल्या, कुठे फरशी उखडली, कुठे दुसऱ्याच कामाचं सामान येऊन पडलं. २०२५ मध्ये त्याच एमएमआरडीएने हा मार्ग काढून मोटारींसाठी मार्गिका वाढवायचं ठरवलं. म्हणजे बांधायला खर्च झालाच, काढायलाही निविदा निघाली.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या पट्ट्यात गेल्या दीड दशकात सायकलीच्या नावाने जे काही जाहीर झालं, ते शेजारी शेजारी ठेवून पाहिलं की एक गोष्ट डोळ्यांत भरते. सायकलीसाठी जागा शोधली गेली ती रस्ता सोडून. जलवाहिनीच्या कडेला, तलावाच्या काठावर, कार्यालयांच्या संकुलात. एस. व्ही. रोड, एलबीएस मार्ग, अंधेरी-कुर्ला रोड किंवा लिंक रोड यांच्यावर मोटारीने आणि तिच्या पार्किंगने व्यापलेल्या जागेतून सायकलीला वाटा द्यायचा, हा प्रश्न कुणी टेबलावर येऊच दिला नाही. जागेच्या या शोधाची किंमत ज्यांनी मोजली, त्यांचा मोटारीशी काही संबंध नव्हता.

सायकल चालवतो कोण, हे आधी पाहायला हवं. पहाटे आरे कॉलनीतून किंवा पूर्व द्रुतगती मार्गावरून हेल्मेट घालून जाणारे गट सगळ्यांना दिसतात, त्यांची छायाचित्रं निघतात. त्याच वेळी पाववाला, पेपर टाकणारा मुलगा, दूधवाला, रात्रपाळी संपवून निघालेला वॉचमन आणि साकीनाका-मरोळच्या कारखान्यांत चाललेला कामगारही सायकलवरच असतो. दहा वाजता डबेवाले अंधेरी-बोरिवलीच्या गल्ल्यांतून डबे गोळा करून स्टेशन गाठतात, तेही सायकलवर. पहिल्या गटाला सायकल हवीशी वाटते म्हणून तो चालवतो, दुसऱ्याला ती परवडते म्हणून. दोघांना धक्का देणारा ट्रक एकच असला तरी योजना आखताना डोळ्यांपुढे पहिलाच गट असतो. म्हणून सायकल ट्रॅकबरोबर 'जॉगिंग'चा शब्द जोडलेला असतो, बाकं असतात, शोभेची झाडं असतात. पाववाल्याला बाक नको आहे. त्याला गटाराचं झाकण रस्त्याच्या पातळीत हवं आहे.

पालिकेने २०१७ मध्ये जाहीर केलेला जलवाहिनीकाठचा मार्ग हे याचं सर्वांत मोठं उदाहरण. 'ग्रीन व्हील्स अलाँग ब्लू लाइन्स' असं त्याचं नाव. मुलुंडपासून भांडुप, घाटकोपर, विद्याविहार, कुर्ला करत शीवपर्यंत आणि दुसऱ्या बाजूने अंधेरी-सांताक्रूझकडे, असा एकूण ३९ किलोमीटरचा सायकल आणि जॉगिंग ट्रॅक, अंदाजे ३०० कोटींचा. तानसाच्या त्या अवाढव्य नळांच्या दोन्ही बाजूंचा दहा मीटरचा पट्टा मोकळा करावा, असा उच्च न्यायालयाचा आदेश 'जनहित मंच'च्या याचिकेवर आधीच झालेला होता. कारण शहराच्या पाण्याच्या सुरक्षेचं होतं आणि ते खरंही होतं. पट्टा पुन्हा व्यापला जाऊ नये म्हणून तिथे ट्रॅक करायचा, हा पालिकेचा युक्तिवाद. नियोजनकाराच्या नजरेने पाहिलं तर कल्पना हुशारीची आहे: सलग जमीन, वाहतूक नाही, चढ-उतार बेताचा, आणि उपनगरांना जोडणारी उत्तर-दक्षिण रेषा आयती मिळालेली.

पण त्या पट्ट्यावर हजारो झोपड्या होत्या. तिथल्या अनेक कुटुंबांना माहुलला हलवलं, रिफायनऱ्या आणि रासायनिक कारखान्यांच्या कुशीत. माहुलच्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच म्हटलेलं होतं. २०१८ च्या ऑक्टोबरपासून माहुलकरांनी विद्याविहारला, त्याच जलवाहिनीच्या कडेला बसून 'जीवन बचाओ आंदोलन' चालवलं. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने सरकारला सांगितलं की या लोकांना माहुलमध्ये राहण्याची सक्ती करता येणार नाही. दुसरीकडे घर द्या, नाहीतर दरमहा १५ हजार रुपये भाडं द्या. आता हिशेब मांडून पाहा. घाटकोपरच्या नळाशेजारी राहणारा माणूस सायकलने किंवा पायी कामाला जात होता. त्याला शहराच्या टोकाला नेऊन टाकलं, जिथून कामाला जायला बस आणि लोकल दोन्ही लागतात, आणि त्याच्या जुन्या उंबऱ्यावर सायकल ट्रॅक आखला. झोपड्या ट्रॅकसाठी हटवल्या नव्हत्या, हे बरोबर आहे. तरीही पर्यावरणस्नेही म्हणवणाऱ्या योजनेच्या कागदांत या माणसांचं मत घेतल्याची एक ओळ असती तर बरं झालं असतं. ट्रॅकचे पुढे तुकडे झाले, मुलुंडसारख्या ठिकाणी लोक सकाळी तिथे फिरतातही; सलग ३९ किलोमीटर मात्र झाले नाहीत.

पवईची गोष्ट वेगळी आणि जास्त बोलकी आहे. १८९१ मध्ये पाण्यासाठी बांधलेल्या या तलावाभोवती पालिकेने दहा-एक किलोमीटरचा सायकल आणि चालण्याचा मार्ग आखला आणि २०२१ मध्ये काठावर कामही सुरू झालं. जाळीत दगड भरून केलेल्या गॅबियन रचनेमुळे पाणी झिरपत राहील, भराव होणारच नाही, असं पालिकेचं म्हणणं. तलावात मगरी आहेत, काठाच्या गवतात पक्षी आहेत आणि पाणथळ जागांच्या २०१७ च्या नियमांखाली अशा बांधकामाला मनाई आहे, असं विरोधकांचं म्हणणं. न्यायालयात जाणाऱ्यांत आयआयटी मुंबईचे विद्यार्थी होते. ज्या आवारात सायकली सर्रास फिरतात, तिथलीच मुलं सायकल ट्रॅकच्या विरोधात उभी राहिली, यातच बरंच काही आलं. ६ मे २०२२ रोजी उच्च न्यायालयाने काम बेकायदा ठरवलं, जे बांधलं ते काढून जागा पूर्ववत करण्याचा आदेश दिला. त्या वेळी पवईच्या अगदी उशाशी आदि शंकराचार्य मार्गावर, म्हणजे जेव्हीएलआरवर, सायकलस्वार ट्रक आणि बस यांच्या मधल्या फटीतून वाट काढत होते. तिथे रंगाचा एक पट्टाही नव्हता.

या दोन्ही प्रकरणांत लोकांचा सहभाग झालाच नाही असं नाही. तो झाला, पण न्यायालयात आणि धरण्यावर, म्हणजे सगळं ठरून गेल्यावर.

सायकलप्रेमींनी स्वतः काय केलं, हाही आढाव्याचा भाग आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये वांद्रे ते सांताक्रूझ पट्ट्यात रविवारी सकाळी रस्ते मोटारींना बंद करून 'इक्वल स्ट्रीट्स' उपक्रम सुरू झाला. मार्च २०२२ मध्ये तेव्हाचे पोलीस आयुक्त संजय पांडे यांनी 'संडे स्ट्रीट' आणलं, त्यात मरीन ड्राइव्हबरोबर अंधेरीचं डी. एन. नगर, गोरेगाव, विक्रोळी आणि मुलुंडचा तानसा जलवाहिनी रस्ता होता. कोलंबियातल्या बोगोटामध्ये १९७४ पासून हेच चालत आलं आहे. तिथे दर रविवारी शंभर किलोमीटरहून अधिक रस्ते लोकांच्या हाती येतात आणि प्रशासन बदललं तरी ते थांबत नाही. आपल्याकडे वृत्तपत्राचा किंवा अधिकाऱ्याचा उत्साह असेपर्यंत उपक्रम टिकतो. मुलं रस्त्यावर स्केटिंग करतात, आजोबा बॅडमिंटन खेळतात, सगळ्यांना बरं वाटतं. सोमवारी त्याच रस्त्यावर काहीही बदललेलं नसतं. मी या रविवारांना निरर्थक म्हणणार नाही. मोटारीशिवाय रस्ता कसा दिसतो, हे मुंबईकराला डोळ्यांनी पाहायला मिळालं. पण त्यातून मागणी उभी राहिली नाही, उत्सव उभा राहिला.

अ‍ॅमस्टरडॅमच्या 'बीवायसीएस' या संस्थेने जगभर 'सायकल महापौर' नेमण्याची प्रथा पाडली, मुंबईत हा मान फिरोजा सुरेश यांना मिळाला. त्यांनी पालिकेच्या २४ वॉर्डांसाठी 'सायकल नगरसेवक' नेमले. हा विचार मला सगळ्यात कामाचा वाटतो, कारण तो वॉर्डाच्या हिशेबाने केलेला आहे. के-पूर्व, आर-मध्य, एन, टी ही उपनगरातल्या माणसाची खरी सरकारं. ड्रेनेज तुंबलं, फुटपाथ फुटला, फेरीवाल्यांवरून वाद झाला की जायचं ते तिथेच. मात्र या नगरसेवकांच्या हाती अधिकार कसलाच नाही. आणि ज्यांच्या हाती होता, त्या खऱ्या नगरसेवकांची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली. त्यानंतर जवळपास चार वर्षं पालिकेवर प्रशासक होता.

नेमक्या याच काळात उपनगरांच्या रस्त्यांचा पुढच्या पिढीपुरता निकाल लागला. मुंबईत साधारण २,०५० किलोमीटर रस्ते आहेत. राहिलेले रस्ते सिमेंट काँक्रीटचे करण्याचं मोठं काम पालिकेने २०२३ मध्ये सुरू केलं. पहिल्याच टप्प्याच्या निविदा सहा हजार कोटींच्या वर गेल्या, दोन टप्पे मिळून सुमारे ७०० किलोमीटर रस्ते. गल्लोगल्ली खोदकाम झालं, लोकांनी धूळ खाल्ली, पावसाळ्यापूर्वीची ३१ मे ही तारीख दरवर्षी गाजली. काँक्रीटचा दर्जा तपासायला आयआयटी मुंबईला नेमलं, जागेवर मिश्रणाची 'स्लम्प टेस्ट' होऊ लागली. पण तपासलं ते काँक्रीट. त्या काँक्रीटवर कुणाला किती फूट, हे कुणी विचारलं नाही. फुटपाथ किती, सायकलीला किती, बस कुठे थांबणार, गाड्या कुठे उभ्या राहणार, चौकात वळणाची त्रिज्या किती, या गोष्टी खोदण्याआधी नकाशावर ठरतात. सिमेंटचा रस्ता पंचवीस-तीस वर्षांच्या हिशेबाने केला जातो. एकदा पडला की सायकलीच्या एका पट्ट्यासाठी तो कुणी पुन्हा फोडणार नाही.

पालिकेला हे कळत नव्हतं असं म्हणता येणार नाही. २०१९ च्या अखेरीस तिने 'डब्ल्यूआरआय इंडिया' या संस्थेबरोबर 'मुंबई स्ट्रीट लॅब' ही स्पर्धा घेतली. निवडलेल्या पाच रस्त्यांत एस. व्ही. रोड होता आणि विक्रोळी पार्कसाइटचा रस्ता क्रमांक १७ सुद्धा. तरुण वास्तुरचनाकारांनी रस्त्यावर बसून माणसं मोजली, फेरीवाल्यांशी बोलून आराखडे केले. मालाडच्या मीठ चौकीवर त्याआधी वाहतूक पोलीस आणि पालिका यांनी मिळून फक्त रंग आणि कोन वापरून चौकाची फेरमांडणी करून पाहिली होती. स्वस्त, उलटवता येणारा प्रयोग. चुकला तर रंग पुसायचा. अशी पद्धत हाताशी असताना शेकडो किलोमीटरच्या कामात ती दिसली नाही. प्रयोग एका दालनात झाला आणि निविदा दुसऱ्या दालनात निघाली.

'लोकांना कुठे वेळ असतो' हा अधिकाऱ्यांचा आवडता मुद्दा. त्याचं उत्तर शहराने २०१५ मध्ये दिलं आहे. विकास आराखड्याच्या पहिल्या मसुद्यावर पन्नास हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या. आरे कॉलनी बांधकामाला खुली होते आहे, देवळं आणि शाळा नकाशावरून गायब आहेत, घरांवरून रस्ते गेले आहेत, हे लोकांनीच शोधून काढलं. मुख्यमंत्र्यांना मसुदा बाजूला ठेवून नव्याने करायला सांगावं लागलं आणि आराखडा २०१८ मध्ये मंजूर झाला. म्हणजे नकाशा समोर आला, मुदत दिली आणि हरकत घ्यायला कायद्याने जागा ठेवली, की मुंबईकर येतो. १९६६ च्या नगररचना कायद्याने ती जागा वीस वर्षांच्या आराखड्याला दिली आहे. एलबीएस मार्गाच्या एका चौकाला ती मिळत नाही.

गल्लीच्या पातळीवर एक यंत्रणा उपनगरानेच जन्माला घातली होती. घाटकोपर पूर्वेच्या जोशी लेनमध्ये १९९६-९७ च्या सुमारास रहिवाशांनी कचरा वेगळा करायला सुरुवात केली, पालिकेच्या एन वॉर्डाने साथ दिली आणि त्यातून 'एएलएम', म्हणजे प्रगत परिसर व्यवस्थापन, ही योजना शहरभर गेली. शेकडो गट नोंदले गेले. रस्ते नियोजनातल्या सहभागासाठी याहून घरचं उदाहरण नाही. पण त्याची मर्यादाही मान्य करायला हवी. एएलएम बहुतेक ठिकाणी इमारतींतल्या लोकांचं राहिलं. बैठकीत फेरीवाला हटवण्याची मागणी होते, गेटसमोर गाडी लावायला जागा मागितली जाते. सायकलमार्ग आखला तर पहिला विरोध याच बैठकीतून येईल, कारण मार्ग जाणार तो मोफत पार्किंगवरूनच. रहिवाशांना विचारलं म्हणजे रस्त्याला विचारलं असं होत नाही. त्या रस्त्याने रोज जाणारा डबेवाला त्या सोसायटीत राहत नाही. प्रभागात क्षेत्रसभा भरवण्याची तरतूद महाराष्ट्रात २००९ च्या कायदादुरुस्तीने कागदावर आली आहे. तिथे मतदार म्हणून झोपडपट्टी आणि टॉवर दोघेही बसले असते. ती सभा प्रत्यक्षात कधी भरलीच नाही.

पुण्याकडे बोट दाखवायचा मोह होतो. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या 'परिसर' संस्थेने तिथे चिकाटीने पाठपुरावा केला, सर्वेक्षणं आणि जाहीर बैठका होऊन पालिकेने डिसेंबर २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. अंदाजपत्रकात नागरिकांच्या सूचना घेण्याची पद्धतही पुण्यात २००६ पासून आहे. तरीही सायकलींचं शहर ही ओळख पुण्याने दुचाकीला देऊन टाकली आणि कित्येक ट्रॅक मध्येच झाडाला किंवा विजेच्या डीपीला जाऊन धडकतात. मुंबईला पुण्याकडून घ्यायचं ते ट्रॅक नव्हेत. एखादा गट पंधरा-वीस वर्षं पालिकेच्या पायऱ्या झिजवतो, कागद वाचतो, अभियंत्याला नावाने ओळखतो, ते घ्यायचं. नेदरलँड्समध्येही हेच झालं. १९७० च्या दशकात रस्त्यांवर मुलं मरत होती म्हणून पालक रस्त्यावर उतरले; १९७५ मध्ये सायकलस्वारांची संघटना झाली आणि तिच्या गावोगावच्या शाखा आजही नव्या रस्त्याच्या नकाशावर लेखी अभिप्राय देतात.

उपनगरांत हा अभिप्राय कुठे सर्वांत आधी हवा, तर रूळ ओलांडण्याच्या जागी. पश्चिम आणि मध्य रेल्वेने उपनगरं पूर्व-पश्चिम अशी चिरली आहेत आणि ओलांडायला मोजके पूल आणि भुयारी मार्ग आहेत. अंधेरीचा गोखले पूल घ्या. जुलै २०१८ मध्ये त्याचा भाग रुळांवर कोसळला, नोव्हेंबर २०२२ मध्ये पूल बंद झाला, फेब्रुवारी २०२४ मध्ये नवी एक बाजू खुली झाली तेव्हा ती शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाला जुळेना. दोन्हींच्या उंचीत माणसाएवढं अंतर पडलं होतं. त्यावर विनोद खूप झाले. माझा प्रश्न साधा आहे: दोन पूल एकमेकांना जुळतात का, हे जिथे पाहिलं गेलं नाही, तिथे सायकलवाला पूल कसा चढेल हे कोण पाहणार? नवे मोठे रस्ते तर सायकलीला दारातच अडवतात. सागरी सेतू आणि अटल सेतू यांच्यावर तिला मनाईच आहे.

मेट्रोने मात्र थोडी वाट करून दिली आहे. २ए आणि ७ या मार्गांच्या डब्यांत सायकल ठेवायला जागा केली आहे. दहिसर-बोरिवलीचा माणूस सायकल घेऊन अंधेरीपर्यंत येऊ शकतो. जागृतीनगर स्टेशनावर २०२१ मध्ये भाड्याच्या सायकली आल्या. पण स्टेशनाच्या जिन्याखाली उतरलं की पुन्हा रिक्षांचा गराडा आणि उखडलेले पेव्हर ब्लॉक. गावाकडे आठवीपासूनच्या मुलींना शाळेत जायला सरकार मानव विकास कार्यक्रमातून सायकली देतं. मुलुंडच्या मुलीला सायकल आईबाप घेऊनही देतील, क्लासला तिला सायकलवर पाठवायला धजावत नाहीत. वास्तविक १९२२ च्या आसपास चौकटीच्या रस्त्यांवर आखलेलं मुलुंड सायकलीसाठी उपनगरांत सर्वांत सोयीचं असावं.

कायद्याचं पारडं हळूहळू सायकलीकडे झुकतं आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने पादचारी आणि बिनमोटारी वाहनांसाठी नियम करण्याचा अधिकार राज्यांना मिळाला. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्यांना ते नियम सहा महिन्यांत करायला सांगितलं. भारतीय रस्ते काँग्रेसची सायकलमार्गांची मानकं १९६२ पासून आहेत आणि २०१५ मध्ये सुधारलेली आहेत. पालिकेच्या २०२२ च्या हवामान कृती आराखड्यातही बिनमोटारी प्रवासाचा आग्रह आहे. पैशांची अडचण सांगायची सोय नाही, कारण २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४ हजार कोटींच्या पुढचं होतं.

१५ जानेवारी २०२६ ला मतदान होऊन पालिकेत पुन्हा २२७ नगरसेवक आले. सायकल गटांनी त्यांच्याकडे ट्रॅक मागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ट्रॅक मागितला की पुन्हा एखादा नाला, एखादा खारफुटीचा काठ किंवा एखादी वस्ती शोधली जाईल आणि उद्घाटनाची फीत कापली जाईल. मागायचं ते एवढंच: वॉर्डातल्या ज्या रस्त्याचं काम निघणार आहे, त्याचा आडवा छेद, कुणाला किती मीटर हे दाखवणारा, निविदेआधी तीस दिवस वॉर्ड ऑफिसच्या भिंतीवर आणि त्या रस्त्यावरच मराठीत लावा, आणि हरकतींची सुनावणी संध्याकाळी सातनंतर ठेवा, म्हणजे पाववाला आणि डबेवालाही येऊ शकेल. तुमच्या गल्लीत अजून खोदकाम सुरू झालं नसेल तर रस्ते विभागाच्या सहायक अभियंत्याकडे हा नकाशा आजच मागा. दिला नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.